कादंबरीची पोथी झाली तेव्हा

माझ्या पहिल्या कादंबरीचे पहिले परीक्षक माझे सासरे. छापखान्यातून आलेली पहिली प्रत मी मुरबाडला जाऊन त्यांच्या हातात ठेवली, तेव्हा त्यांनी ती उघडली नाही. बाजारात दुधी पाहावा तशी तळहातावर खालीवर केली आणि म्हणाले, "बरंच लिहिलंस की." मग ती झोपाळ्यावर बाजूला ठेवून त्यांनी पानाचा डबा पुढे ओढला.

मामंजी महसूल खात्यातून सर्कल इन्स्पेक्टर म्हणून पेन्शनीत निघालेले. जन्मभर त्यांनी लोकांच्या शेतांच्या हद्दी पाहिल्या, त्यामुळे माणसांनीही आपापल्या हद्दीत राहावं असं त्यांचं अगदी प्रामाणिक मत होतं. माझे यजमान विषमज्वरानं गेले तेव्हा मी पुरती विशीचीही नव्हते. सासूबाईंनी, ज्यांनी स्वतः शाळेचा उंबरा पाहिला नव्हता, हट्ट धरून मला पुण्याला ट्रेनिंगला धाडलं. पुढे त्याही गेल्या. शहापूरच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली आणि मी तिथे दोन खोल्यांचं बिऱ्हाड थाटलं. तरण्या विधवा सुनेनं परगावी एकटीनं राहावं हे मुरबाडात कुणाच्या पचनी पडत नव्हतं. मामंजी बाजाराला निघाले की कुणी ना कुणी विचारायचंच, सून कायमची कधी येणार? त्यात आता हे पुस्तक.

त्या दिवशी पानाला चुना लावता लावता त्यांनी निकाल सांगून टाकला. दिवाळीपर्यंत वाट पाहायची. तोवर चार जाणत्या माणसांनी पुस्तकाला चांगलं म्हटलं, तर मी शहापुरात राहावं, लिहावं, काय हवं ते करावं. नाही म्हटलं, तर नोकरीचा राजीनामा द्यायचा आणि मुरबाडला येऊन घर सांभाळायचं. जाणती माणसं म्हणजे कोण, असं मी विचारलं.

"ज्यांचं म्हणणं छापून येतं ती," ते म्हणाले.

मी लगेच कबूल झाले. पहिलं पुस्तक नुकतं छापून आलेल्या माणसाइतका भोळा जीव शोधून सापडायचा नाही. चार कशाला, मला चाळीस मिळतील असं वाटत होतं.

कादंबरी माहुलीच्या गडावरची, मोगलाईच्या काळातली. शाळेच्या खिडकीतून गड रोज दिसायचा, आणि मुली पाढे म्हणत असताना मला त्याच्याकडे पाहायला सवड असायची. माझी नायिका गडावरच्या एका पहारेकऱ्याची मुलगी. हुशार, आणि हावरी म्हणावी इतकी महत्त्वाकांक्षी. तिला किल्लेदारीण व्हायचं नसतं, किल्लेदार व्हायचं असतं. किल्लेदाराच्या घरात ती सून म्हणून जाते. नवरा लढाईत पडतो, लोक लाकडं रचून हिची वाट बघत उभे राहतात, आणि ही किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचून कोठारात धान्य किती उरलंय ते पाहायला जाते. शेवटच्या प्रकरणात ती चांगली म्हातारी होते आणि गुडघ्यांना तेल चोळत नव्या पोरांच्या नावानं बोटं मोडते. मला ते प्रकरण सगळ्यात आवडायचं. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत बाईला म्हातारपण येत नाही. ती जळते, नाहीतर बुरुजावरून उडी टाकते. माझीला मी ठरवून जगवली होती. यजमान गेले त्या दिवशी ओटीवर बसलेल्या एक आत्याबाई म्हणाल्या होत्या, हिचं आता काय राहिलंय. त्या एका वाक्याला उत्तर द्यायला मला सव्वातीनशे पानं लागली.

पहिला अभिप्राय आला तो पुण्याच्या एका वजनदार मासिकात. लिहिणारे गृहस्थ इतिहासाचे अभ्यासक, आणि त्यांच्या लेखात आधी कागदाची तारीफ होती. मग बांधणीची. मग भाषा सुबोध असल्याचं मान्य करून त्यांनी हत्यार उपसलं. अशी कुणी बाई होऊन गेल्याचा कागदोपत्री तिळमात्र पुरावा नाही, आणि असती तरी ती इतकी महत्त्वाकांक्षी नसती, कारण ते स्त्रीस्वभावाला धरून नाही. स्त्रीस्वभावाचा कागदोपत्री पुरावा त्यांना कुठे सापडला, ते मात्र त्यांनी लिहिलं नव्हतं. लेखिकेनं यापुढे पाककलेसारखा, आपल्या अनुभवातला विषय निवडावा, असा प्रेमळ सल्ला शेवटी होता. माझी आमटी ज्यांनी खाल्ली आहे ते या सल्ल्यावर हसतील.

मुंबईच्या एका साप्ताहिकाला कादंबरी आवडली. पण त्यांच्या मते एवढी तडफदार लेखणी बाईची असणं शक्य नव्हतं. कुणीतरी पेन्शनर गृहस्थ बायकोच्या नावाआड लपला आहे, आणि त्यानं आता धीटपणे पुढे यावं, असं त्यांनी आवाहन केलं. मी तो अंक मामंजींना नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"हा तुला पुरुष म्हणतोय," ते म्हणाले. "हे चांगलं म्हटल्यात धरायचं का?"

त्यांनी ते धरलं नाही. ठाण्याच्या एका पत्रानंही दखल घेतली. त्या लेखातला पाऊण भाग लेखकाच्या स्वतःच्या अप्रकाशित कादंबरीविषयी होता. तीही माहुलीवरचीच, आणि ती छापली गेली असती तर माझी लिहायची गरजच पडली नसती असा एकूण सूर.

शहापुरात पुस्तक कुणी विकत घेतलं असेल तर त्यानं ते लपवून ठेवलं. शाळेतली एक प्रत तेवढी घरोघर फिरली. कचेरीतले कारकून तिच्यात स्वतःला शोधत राहिले आणि सापडले नाहीत म्हणून रुसले. मुलग्यांच्या शाळेचे हेडमास्तर मला वाटेत गाठून म्हणाले की तुमच्या वर्गातल्या मुली हल्ली घरी उलटून बोलतात. मला मनातून फार बरं वाटलं, पण हेडमास्तरांचं म्हणणं छापून येत नव्हतं.

आषाढात मामंजींचं कार्ड आलं. चारांपैकी अजून एकही नाही, एवढंच. ते वाचून मी प्रथमच घाबरले. तोवर मी त्या अटीकडे म्हाताऱ्याची लहर म्हणून पाहत होते. आता मला मुरबाडचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे दिसायला लागलं, त्याची धुरानं काळी झालेली खिडकी, आणि तिच्यातून दिसणारी शेजाऱ्यांची भिंत.

आणि मग सापगावानं माझी कादंबरी हातात घेतली.

सापगाव शहापुरापासून पायी जाण्याजोगं. भातरोपांची आवणी उरकली, श्रावण लागला, की तिथे देवळात पोथी लावायची रीत होती. रोज संध्याकाळी एक अध्याय. गावातले एक निवृत्त मास्तर वाचायचे आणि अर्थ सांगायचे, बाकी गाव ऐकायचं. रीतीला दोन नियम होते. एकदा लावलेली पोथी मध्येच सोडायची नाही, आणि शेवटची फलश्रुती, म्हणजे ऐकणाऱ्याला काय फळ मिळेल ते सांगणारा भाग, कानावर पडल्याशिवाय उठायचं नाही. त्या वर्षी मास्तरांनी पोथीचं बासन सोडलं तर आत वाळवीनं माती करून ठेवलेली. बाया समई लावून बसलेल्या. नदीला पूर, दुसरी पोथी आणायला जाणार कोण? मास्तरांकडे शाळेतून वाचायला नेलेली माझी कादंबरी होती. तिच्यात गड होता, देवांची नावं होती, लढाया होत्या. त्यांनी ती लाल फडक्यात गुंडाळून आणली, चौरंगावर ठेवली आणि "प्रकरण पहिले" असं छापलं होतं तिथे "अध्याय पहिला" म्हणून सुरुवात केली.

मला हे एका मुलीच्या आईकडून कळलं. रविवारी मी चिखल तुडवत गेले आणि देवळात मागे खांबाला टेकून बसले. माझ्या पुस्तकावर हळदकुंकू वाहिलेलं होतं. पुण्याच्या मासिकात लेखकाला अशी वागणूक मिळत नाही. मास्तरांचा आवाज खणखणीत, आणि त्यांना मजकूर जिथे कोरडा वाटे तिथे ते स्वतःचा ओलावा घालत. नायिका आली की तिला माउली म्हणत. मी तिला भांडखोर लिहिलं होतं, ते शब्द त्यांनी हलकेच गिळले.

पुढे बसणारी एक म्हातारी कुणबीण होती. सगळ्या गावाच्या वतीनं बोलायचा मान तिचा. खलनायकानं दारूच्या कोठाराला आग लावायचा कट केला, तेव्हा तिनं त्याला आजच्या आज मारून टाकायला सांगितलं. तो पुढच्या आठवड्यात मरतो, असं मास्तरांनी समजावलं. तोवर मेल्याला भात कोण घालतंय, असं तिनं विचारलं आणि देऊळभर बाया हसल्या. पुढे त्या खलनायकाचं आणखी एक झंझट झालं. त्याला मी जे आडनाव दिलं होतं त्या आडनावाची घरं गावात निघाली. ती माणसं देवळात यायची बंद झाली. मग त्यांची मंडळी मास्तरांकडे विचारायला गेली की आमच्या पूर्वजाला काही सवलत मिळेल का. मी त्याला कड्यावरून लोटलं होतं. मास्तरांनी त्याला पश्चात्ताप देऊन काशीला पाठवला.

मी चिडायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर मी खुशीत होते. माणसं माझ्या बाईसाठी डोळ्याला पदर लावत होती. दर रविवारी मी जायचे आणि परतताना वाटेत एकटीच हसायचे. आपले चार जाणते इथेच बसलेत, फक्त त्यांचं म्हणणं छापून येत नाही, असं मनात यायचं.

समाप्तीच्या दिवशी नेमके शाळा तपासायला साहेब आले, त्यामुळे मला जाता आलं नाही. काय झालं ते दुसऱ्या दिवशी कळलं. मास्तरांनी शेवटचा अध्याय वाचला, म्हातारी बाई गुडघ्यांना तेल चोळत बसली, आणि पुस्तक संपलं. मास्तरांनी ते मिटलं. कुणी उठेना. सगळे फलश्रुतीची वाट पाहत होते, आणि मी ती लिहिलेली नव्हती. म्हातारी कुणबीण म्हणाली, एवढा श्रावण-भादवा आमी बसलो, तं फळ काय? मास्तर पेचात पडले. गुडघे चोळणाऱ्या बाईपासून गावाला काय फळ मिळणार? तेव्हा त्यांनी जागच्या जागी सांगून टाकलं की यानंतर माउलीनं नवऱ्याच्या पादुका उराशी धरल्या आणि ती सती गेली, आणि जो हे ऐकेल त्याची गुरंढोरं, पोरंबाळं, भातखाचरं सुखात राहतील. गाव समाधानानं उठलं. नवरा जाऊन चाळीस-एक वर्षं झाल्यावर, गुडघे दुखत असताना बाई चितेवर कशी चढली, असा प्रश्न कुणाला पडला नाही.

सापगावच्या एका बांधावर जुना दगड होता. त्याच्यावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला. सतीच्या दगडावर असा हात असतो. पण ती कुठली, कधीची, कुणाला माहीत नव्हतं, आणि कापणीच्या दिवसांत लोक त्याच्यावर विळे घासायचे. घट बसले तेव्हा तो शेंदरानं लाल झाला होता आणि त्याच्यावर पानांचं छप्पर आलं होतं. त्याला आता गडकरीण आई म्हणत.

ही बातमी पुण्याला पोचायला वेळ लागला नाही. इतिहासाचे ते अभ्यासक गृहस्थ आगगाडीतून उतरून बैलांच्या दमणीत बसून आले, त्यांनी दगडाची मापं घेतली, मास्तरांचा पाहुणचार घेतला आणि गेले. माझं घर वाटेवरच होतं, पण त्यांना घाई असावी. पुढच्या अंकात त्यांचा लांबलचक लेख आला. माहुलीच्या या थोर सतीचा शोध त्यांनी लावला होता. पुरावा शिळेचा, शिवाय अखंड लोकपरंपरेचा. आणि अशा साध्वीला एका नवशिक्या लेखिकेनं खुशाल म्हातारपणापर्यंत जगवून इतिहासाचा विपर्यास केला, याबद्दल त्यांना अतोनात खेद होत होता. पहिल्या लेखात बाई झालीच नव्हती. आता झाली होती, आणि मी तिला जाळायला विसरले होते.

इकडे मुरबाडात मामंजींचा भाव एकदम वधारला. बाजारात लोक त्यांना वाट द्यायला लागले, सतीची पोथी लिहिणाऱ्या बाईचे सासरे म्हणून. घाटाकडच्या वैशाखऱ्याहून चार बाया त्यांच्याकडे येऊन गेल्या, पोथी आमच्याकडेही लावता येईल का विचारायला. दिवाळीला थोडे दिवस राहिले असताना ते सर्व्हिस मोटारीनं शहापुरात उतरले. सापगावकरांनी गडकरीण आईची ओटी भरायचा बेत केला होता आणि त्यांना खास बोलावणं होतं.

माझ्या लक्षात आलं की आपण सुटलो. सतीची पोथी लिहिणारी विधवा एकटी राहिली तर कुणाची हरकत नसते. उलट ते शोभून दिसतं. मला फक्त गप्प बसायचं होतं.

बांधावर गर्दी झाली होती. ओटी भरायला सवाष्णी पुढे गेल्या. माझ्या हातात तांदूळ होते ते एकीनं हळूच काढून घेतले आणि मला बाजूला उभं राहायला सांगितलं. तिचं काही चुकलं नव्हतं, विधवेनं ओटी भरायची नसते. पण त्या दगडावरच्या शेंदराकडे पाहता पाहता माझ्या अंगाची लाही झाली. मी एका बाईला सव्वातीनशे पानं आगीपासून दूर ठेवलं होतं, आणि या मंडळींनी तिला एका वाक्यात ढकलून दिलं होतं, वर मलाच तिच्याजवळ जायची बंदी.

मास्तरांनी मला दोन शब्द बोलायला सांगितले. मामंजी समोर सतरंजीवर बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"ही बाई जळली नाही," मी म्हणाले. "नवरा गेल्यावर ती जगली. तिनं गड सांभाळला, ती म्हातारी झाली आणि अंथरुणात मेली. मी लिहिलंय, मला ठाऊक आहे."

मास्तर जमिनीकडे पाहायला लागले. म्हातारी कुणबीण मात्र उठून माझ्याजवळ आली आणि लहान पोरीची समजूत घालावी तशी माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "तुमी लिवलं ते खरं गो बाई. पन तवा तुमी कुठं व्हत्या? ती सती गेली नाय, तं माजी म्हस कशी व्याली?"

बायांनी आरती सुरू केली आणि माझं भाषण तिच्यात बुडालं.

परतताना बैलगाडीत मी आणि मामंजी समोरासमोर बसलो होतो. मी मनातल्या मनात राजीनाम्याचा मजकूर जुळवत होते. चारांतला एकही गाठीला नाही, आणि जे आयतं पदरात पडलं होतं तेही मी भर गर्दीत टाकून दिलं होतं.

"त्या बाईचा सासरा तू फार वाईट रंगवलायस," मामंजी एकदम म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. कादंबरीत मधे एक प्रसंग आहे. म्हातारपणी गडाखालच्या वाड्यात राहायला गेलेला नायिकेचा सासरा तिला खाली घरी न्यायला गड चढून येतो, ती दरवाजा उघडत नाही, आणि तो तसाच परत जातो. सापगावच्या पोथीत हा प्रसंग आलाच नव्हता, मास्तरांनी तो अमंगळ म्हणून गाळला होता.

"दिवसभर उन्हात उभा ठेवलायस त्याला," मामंजी पुढे म्हणाले. "पाणीसुद्धा विचारत नाही ती."

"तुम्ही वाचलीत?"

"दोनदा."

मी विचारलं, मग हे चार जाणते, पुण्याचे, मुंबईचे, त्यांची वाट कशाला बघत होता?

"मला कादंबरीतलं काय कळतंय," ते म्हणाले. "वाचताना डोळ्यांतून पाणी आलं. ते पुस्तकामुळे की वयामुळे, हे कुणीतरी जाणत्यानं सांगायला हवं होतं ना."

मला रडू फुटलं. गाडीवान मागे वळून बघायला लागला तरी मी ते आवरलं नाही. इतके महिने मी ज्यांच्या निकालाची वाट पाहत होते त्यांचा निकाल कधीच झाला होता, फक्त त्यांचा स्वतःवर विश्वास नव्हता.

गाडी शहापुरात शिरली. मोटारी सुटायच्या ती जागा एका अंगाला, माझं बिऱ्हाड दुसऱ्या. गाडीवानानं कुठे घेऊ म्हणून विचारलं. मामंजींनी छत्री उचलली, पण उतरले नाहीत.

"मला जेवायला घालतेस," ते म्हणाले, "की मीही उन्हातच उभा राहू?"

मी गाडी बिऱ्हाडाकडे घ्यायला सांगितली. तांदळाची भाकरी आणि माझी ती आमटी त्यांनी मुकाट्यानं खाल्ली, आमटीबद्दल एक अक्षरही बोलले नाहीत. राजीनाम्याचा विषय त्यांनी काढला नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही. दुपारच्या मोटारीत बसल्यावर मात्र त्यांनी खिडकीतून मला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणून, शेजारच्या उतारूला ऐकू जाणार नाही असं, म्हणाले, "पुढच्यात सासरा घालू नकोस."